बोट दाखवलेलं बकरं

"मॅडम, हे आंतरविद्याशाखीय म्हणजे नक्की काय असतं हो?"

परवा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या एका पोरीनं मला असं विचारलं. मी सांगलीतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. पोरी तास संपला की मोबाईल घेऊन येतात, पुढं काय करू विचारतात. हिच्या मोबाईलवर एक चकचकीत जाहिरात होती. एका हातात झाडाचं पान, दुसऱ्या हातात पुस्तक, मागं उगवता सूर्य. खाली लिहिलं होतं, दोन शाखा, एक पदवी, अमर्याद क्षितिजं. तीच जाहिरात. इतक्या वर्षांत मेल्यांनी सूर्यसुद्धा बदलला नाही.

मी तिला म्हटलं, "बस. आधी चहा पिऊ." मग तिला जे सांगितलं ते इथं लिहिते.

आम्ही जत तालुक्यातले धनगर. माझे आप्पा मेंढरं राखतात. पावसाळ्यात गावाकडं राहायचं आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेची वाट धरायची. सातारा जिल्ह्यात शिरून कधी खंडाळ्याच्या बाजूला, कधी पाटणच्या. तिकडच्या बागायतदारांचा ऊस तुटला की मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. रानाला लेंडीखत मिळतं, आम्हाला ज्वारी मिळते. मेंढरांच्या या मुक्कामाला आम्ही वाडा म्हणतो. दोन पालं, चार जाळ्या, एक घोडं, दोन कुत्री, झाला वाडा. मी मात्र सांगलीत वसतिगृहात राहून शिकले आणि सुट्टी लागली की वाडा जिथं असेल तिथं एसटीनं जाऊन उतरायची. कंडक्टर विचारायचा, "गाव कुठलं?" मी म्हणायची, "आज वहागाव, परवाचं माहीत नाही."

आमच्या कळपात एक म्होरक्या होता. म्हणजे कळपाच्या पुढं चालणारं बकरं. मेंढीच्या नरालाही आमच्याकडं बकरंच म्हणतात. हा खच्ची केलेला होता, अंगानं दणकट, गळ्यात पितळी घंटी. याची आई याला जन्म देऊन मेली, म्हणून माझ्या आईनं याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. आई कर्नाटकाच्या हद्दीतली. ती मेंढरांशी कानडीत बोलते. ती "बा, बा" म्हणाली की हा वळून यायचा. आप्पा घशातून एक लांब घरघरता आवाज काढायचे, तो ऐकला की हा पाऊल पुढं टाकायचा. मेंढरू डांबराला भितं. हायवे आला की अख्खा कळप रस्त्याच्या कडेला थिजून उभा राहतो, मग मागून कितीही हाकला, हाणा, शिव्या द्या. पण आप्पांनी तो आवाज काढला की म्होरक्या डांबरावर पाय ठेवायचा, घंटी वाजायची, आणि मागून सगळा कळप पाण्यासारखा सरकायचा.

लहानपणापासून मी हे बघत आलेले. बी.एस्सी. करताना मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. हा आवाज म्हणजे आहे तरी काय? भाषा म्हणावी तर त्यात शब्द नाही. नुसता आवाज म्हणावा तर शेजारच्या वाड्यातल्या माणसानं हुबेहूब तसाच काढला तरी आमचा म्होरक्या ढिम्म हलत नसे. आईची बा-बा आणि आप्पांची घरघर, एक कानडी, एक कशातच न बसणारी, आणि दोन्ही समजणारं एक जनावर. हे प्राणिशास्त्राच्या पुस्तकात अर्धं होतं आणि भाषेच्या पुस्तकात अर्धं. एकत्र कुठंच नव्हतं.

अशात विद्यापीठाच्या सातारकडच्या उपकेंद्रात हा नवा अभ्यासक्रम निघाला. कुठल्याही दोन विभागांची जोडी करा आणि एम.ए. किंवा एम.एस्सी. घ्या. मी जाहिरात वाचली आणि आनंदानं येडी झाले. वाटलं, हे आपल्यासाठीच काढलंय बाई. प्राणिशास्त्र आणि मराठी अशी जोडी घेणारी मी पहिली आणि एकटी.

उद्घाटनाच्या दिवशीच मला कळायला हवं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत नुसते सत्कार. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, मग शाल आणि नारळ. प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांनी मराठीच्या मॅडमना शाल घातली, मॅडमनी सरांना घातली, दोघांनी मिळून उपकेंद्राच्या संचालक साहेबांना घातली, साहेबांनी दोघांना परत घातली. दोन शाखांचा जो काय संगम व्हायचा तो त्या शालींत झाला, त्यानंतर दोन वर्षांत तो कधी झाला नाही. आम्ही विद्यार्थी पंख्याखाली घामानं निथळत टाळ्या वाजवत होतो. अभ्यासक्रमावर बोलायला शेवटी वेळच उरला नाही. जेवण तयार होतं ना!

सर म्हणजे पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि टेबलावर हात धुवायच्या जेलची बाटली. मी पहिल्यांदा माझा विषय सांगितला तेव्हा त्यांनी ती बाटली दाबून तळव्यावर जेल घेतलं आणि माझं बोलणं संपेपर्यंत हात चोळत बसले. मग म्हणाले, "आवाजाबिवाजाचा भाग माझ्याकडं नको. ते मॅडमचं क्षेत्र. माझ्याकडं जनावर आलं पाहिजे. मोजता येईल असं."

मी जिना उतरून मॅडमकडं गेले. मॅडम लोकसाहित्यवाल्या. हातमागाची साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं मधासारखं. त्या म्हणाल्या, "किती गोड विषय गं! पण ज्याला शब्दच नाहीत त्याला मी साहित्य कसं म्हणू? तुमच्या समाजात ओव्या असतात ना, त्या घे की. मेंढरांचं ते सरांकडं."

जिना चढायचा, जिना उतरायचा. दोन वर्षं मी हेच केलं. सर म्हणणार हे मॅडमचं, मॅडम म्हणणार हे सरांचं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, ती मी. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, कारण मागं कधीतरी पार्किंगवरून भांडण झालेलं. आणि हे दोघं माझे जोडमार्गदर्शक! त्यांच्या सह्या एकाच कागदावर घ्यायच्या म्हणजे हरिणाच्या कळपात लांडगा बांधण्याएवढं अवघड काम. मी एकदा सरांना म्हटलंसुद्धा, "सर, दोघांनी एकदा एकत्र बसून ऐकाल का?" तर म्हणाले, "तुम्ही लोक फार भावनिक असता." तुम्ही लोक! म्हणजे नक्की कोण, ते मी विचारलं नाही. कळत होतं.

पण काम मी केलं. कुणी शिकवलं नाही, तरी केलं. दोन हंगाम वाड्याबरोबर चालले. आवाज रेकॉर्ड केले, म्होरक्याचं वागणं टिपलं, व्हिडिओ घेतले. आप्पांचा आवाज स्पीकरवर लावला तर तो काय करतो, आप्पा समोर नसताना काय करतो, आईची बा-बा दुसऱ्या बाईनं म्हटली तर काय करतो. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर मी त्याचाच फोटो टाकला होता, घंटीसकट. सरांनी त्या मुखपृष्ठाखाली मंजुरीची सही केली होती. हे लक्षात ठेवा.

आता राहिलं एकच. या जोडपदवीचा नियम असा होता की समितीनं, म्हणजे याच दोघांनी, जागेवर येऊन प्रात्यक्षिक बघायचं, मग तोंडी परीक्षा. दोन्ही विभागांत पास तर पदवी. एकात नापास तर सगळंच पाण्यात. पास झाले असते तर त्याच केंद्रात पीएच.डी.साठी जागा होती, ती मला मिळणार होती, कारण दुसरं कुणी या जोडीचं नव्हतंच. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की त्यापायी मी त्या जिन्यावर दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या.

जतला यायचं म्हटल्यावर समितीला लांब पडलं. म्हणून वाडा सातारच्या बाजूला येईपर्यंत थांबायचं ठरलं. त्या वर्षी आम्ही एका फौजीच्या तुटलेल्या उसात बसलो होतो. मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, मोठ्या मनाचा. त्यानं साहेब येणार म्हणून बंगल्यातल्या खुर्च्या आणि टेबल बांधावर आणून ठेवलं.

आदल्या दिवशी सरांचा फोन आला. "येतोय आम्ही. बाकी काही विशेष करू नका हां." थोडं थांबून म्हणाले, "तुमच्याकडचं मटण म्हणे फेमस असतं."

मी आप्पांना सांगितलं तर त्यांचा चेहरा असा उजळला की बस. जन्मात कधी साहेब आमच्या पालावर जेवायला आला नव्हता. तलाठीसुद्धा उभ्या उभ्या बोलून जातो. आप्पा म्हणाले, "आगं, साहेब आपल्यात जेवल्यावर काय भ्या हाय? खाल्ल्या मिठाला जागतोय मानूस. तू पास झालीस म्हून समज."

"आप्पा, आधी प्रात्यक्षिक, मग जेवण," मी बजावलं.

"व्हय व्हय. तू सांगशील तसं."

म्होरक्याला हात लावू नका, असं मी सांगितलं नाही. का सांगू? पाहुणे आले म्हणून घरातल्या माणसाला कापू नका, असं कुणी सांगून ठेवतं का?

सकाळी उशिरा पांढरी गाडी आली. सर उतरले, मॅडम उतरल्या. दोघं एका गाडीतून आले होते, पण मधे ड्रायव्हरच्या बाजूची सीट आणि मागची सीट एवढं अंतर राखून. सरांनी उतरल्या उतरल्या नाकाला रुमाल लावला. मेंढरांना वास येतो, खरंय. पण प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखाला प्राण्याचा वास सोसवू नये, आता काय म्हणावं? मी म्हटलं, "सर, ओढ्यापलीकडं सगळं मांडलंय. आधी प्रात्यक्षिक बघून घेऊ या का?"

सर हसले. "अगं, आधी पोटोबा, मग विठोबा!"

इतक्यात मॅडमनी माझा हात धरला. त्यांना आईचा व्हिडिओ करायचा होता. त्यांनी आईला पालाबाहेर बसवलं, डोक्यावरचा पदर नीट करायला लावला, मग म्हणाल्या, नको, विस्कटलेलाच बरा दिसतो. मला मोबाईल धरायला लावला. "आजी, तुमच्या समाजाचं काहीतरी म्हणा ना. अगदी जुनं. आदिम."

माझी आई तेव्हा पन्नाशीचीही नव्हती, तिला आजी! आणि आईला गाणंबिणं काही येत नाही, तिचा गळा बसका आहे. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "काय म्हनू गं? मला कुटलं गानं येतंय?" तर मॅडम म्हणाल्या, "बघ, किती निरागस!" मी म्हटलं, "मॅडम, ती बा-बा कशी करते ते घ्या की. माझ्या प्रबंधात तेच आहे." मॅडमनी मान हलवली, "त्यात लय नाही गं." शेवटी आईनं शाळेतली प्रार्थना म्हटली. पाचवीपर्यंत शिकलेली बाई, तिला जे येत होतं ते तिनं म्हटलं. मॅडमनी डोळे मिटून मान डोलावली आणि व्हिडिओ तिथल्या तिथं चढवला, खाली लिहिलं, रानातला आदिम सूर. शी! आठवलं तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

हे सगळं होईतो तिकडं जाळ्यांजवळ काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. मोठा पाहुणा आला की यजमान त्याला कळपापाशी नेतो आणि म्हणतो, "दावा बोट. तुमी दावाल त्ये." आता हे म्हणायचं असतं. जाणता पाहुणा काय करतो? हात जोडतो आणि म्हणतो, "तुमी द्याल त्ये गोड." फारच आग्रह झाला तर एखादं लंगडं, म्हातारं दाखवतो. बोट दाखवा म्हणणं ही यजमानाची अदब आणि न दाखवणं ही पाहुण्याची. दोन्ही अदबी जुळल्या की कुणाचं काही बिघडत नाही. आप्पांच्या अख्ख्या आयुष्यात कुणी पाहुण्यानं खरंच बोट दाखवलं नव्हतं.

सरांनी दाखवलं.

"तो घंटीवाला," म्हणाले. "मस्त भरलाय."

हे मला नंतर फौजीनं सांगितलं. तो म्हणाला, आप्पांनी शेजारचं एक कोवळं बकरं कान धरून पुढं ओढलं. मग म्हणाले, "साहेब, त्यो जरा जून हाय. त्यापरास ह्यो बगा, कवळा हाय." सर म्हणाले, "छे छे, खच्ची बकऱ्याची चव कोवळ्याला नाही. मला कळतं त्यातलं." खाण्यातलं कळतं म्हणायचं आणि प्रबंधावरचा फोटो ओळखता येत नाही! माझ्या मुखपृष्ठाखाली सही करणाऱ्या माणसानं त्याच जनावराकडं बोट दाखवलं आणि त्याला कळलंही नाही.  आप्पांनी मग घंटी सोडवून घेतली आणि खिशात टाकली.

मी मॅडमच्या तावडीतून सुटून गेले तेव्हा बाभळीला टांगलेलं होतं. चामडं सोलून झालं होतं. मी आधी ओळखलंच नाही. मग जाळीकडं बघितलं, तिथं घंटी दिसेना. मग आप्पांकडं बघितलं. ते सुरी पुसत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते.

"आप्पा!"

"साहेबानं बोट दावलं," ते म्हणाले. "न्हाई कसं म्हनू? तुज्याच कामाला आलाय न्हवं त्यो मानूस?"

"अहो, त्याच्यावरच तर माझं काम होतं!"

"मला ठावं हाय. म्हून तर दिला." आणि मग हळू आवाजात म्हणाले, "हलकं काय वाढून तुजं काम व्हनार हाय व्हय?"

मला तेव्हा आप्पांचासुद्धा राग आला. खोटं कशाला बोलू? साहेब म्हटलं की कमरेत वाकणाऱ्या माणसाचा राग आला, त्या रीतीचा राग आला, मिठाच्या त्या गोष्टीचा राग आला. आई पालात शिरली ती चुलीपुढं बसून राहिली. तिनं मसाला वाटला.

मी बांधावर गेले. सर खुर्चीत पाय पसरून बसले होते, फौजीनं कँटीनची रम आणली होती. मी म्हटलं, "सर, तुम्ही दाखवलेलं ते माझं प्रात्यक्षिकाचं जनावर होतं."

सरांनी पेला खाली ठेवला नाही. "अरेरे," म्हणाले. "आधी सांगायचं की. बरं, दुसरं घे एखादं. शंभर आहेत."

"सर, दुसऱ्याला कुणाला तो आवाज कळत नाही. त्यासाठीच तर दोन वर्षं..."

"ते बघू आपण तोंडी परीक्षेच्या वेळी. तू काळजी नको करू." आणि फौजीकडं वळून म्हणाले, "अळणी पाणी करतात ना आधी? सुपासारखं?"

आणि मग ते जेवले. अरे देवा, काय जेवले! आप्पांनी मला वाढायला लावलं. "तू वाड. तुजी मानसं हाईत." मी वाढलं. सकाळी नाकाला लावलेला रुमाल सरांनी आता गळ्यात खोचला होता. तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करली, पाचही बोटं बुडवली, मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत गेला तो जिभेनं वर घेतला. "नळी आहे का गं, नळी?" मी नळी वाढली. ती त्यांनी ताटाच्या काठावर आपटली, तोंडाला लावली आणि असा आवाज करत ओढली की जाळीतली मेंढरं माना वळवून बघायला लागली. मग परत म्हणाले, "अजून एक असेल तर बघ." मॅडम म्हणत होत्या, "मी फार खात नाही हं, नुसता रस्सा," आणि मऊ मऊ तुकडे वेचत होत्या. बाजूला हाडांचा ढीग वाढत चालला होता. आणि नवल बघा, त्या एका ताटाभोवती दोघं गोडीगुलाबीनं बोलायला लागले. दोन वर्षं मी जे करू शकले नाही ते त्या बकऱ्यानं मरून केलं. "मॅडम, घ्या ना." "सर, तुम्ही घ्या." माझ्या डोळ्यांदेखत दोन शाखा एकत्र आल्या. मी ओढ्यापलीकडं जाऊन ओकले. तिथं माझा स्पीकर मांडून ठेवलेला होता.

जेवणानंतर आप्पांनी सरांना पिवळा फेटा बांधला, नवंकोरं घोंगडं अंगावर घातलं. फोटो झाले. सर दात कोरत म्हणाले, "आज उशीर झाला. स्थळभेट झाली असं धरू आपण." मोठी ढेकर दिली. घोंगडं गाडीच्या डिकीत ठेवताना त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "पेपरात गुंडाळ रे, वास मारतोय." आप्पा गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभे होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोटभर जेवलं. झालं गं तुजं काम." त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू होतं. 

उन्हाळ्यात तोंडी परीक्षा झाली. पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते, म्हातारे, बारीक आवाजाचे. अर्थात आधी त्यांचा सत्कार झाला. त्यांनी प्रबंध वाचला होता, हे मला पहिल्या प्रश्नातच कळलं आणि माझ्या जिवात जीव आला. दोन वर्षांत वाचणारा पहिला माणूस! ते आवाजांबद्दल विचारत गेले, मी सांगत गेले. मधेच ते हसले, म्हणाले, "छान काम आहे हो." मग मुखपृष्ठावर बोट ठेवून म्हणाले, "सगळा डोलारा या एका जनावरावर उभा आहे. प्रात्यक्षिकाचा अहवाल मात्र मला सापडला नाही. समितीनं पाहिलं ना याला?"

मी सरांकडं बघितलं. सर हातावर जेल घेत होते. मॅडम मोबाईल बघत होत्या.

"पाहिलं," मी म्हटलं.

"मग अहवाल?"

"अहवाल नाही सर. समितीनं तो खाल्ला."

"अहवाल खाल्ला?"

"नाही. तो म्होरक्या. सरांनी बोट दाखवलं आणि आम्ही कापला. मी स्वतः वाढलाय यांना."

कोपऱ्यातला शिपाई खोकला. पुण्याचे गृहस्थ आधी हसले, मग सरांच्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू थांबलं. सर म्हणाले, "हे बघा, विद्यार्थिनीच्या कुटुंबानं आग्रहानं आदरातिथ्य केलं. त्याचा इथं उल्लेख करणं ही अत्यंत हीन गोष्ट आहे." हीन! मी हीन! नळी ओढणारा सोवळा आणि मी हीन. मग म्हणाले, "शास्त्राला पुरावा लागतो. विद्यार्थिनी मूळ प्राणी समितीसमोर सादर करू शकली नाही. आमच्या विभागाकडून मी नापास देतो."

मॅडमनी मधाळ आवाजात म्हटलं, "आमच्या बाजूनं काहीच अडचण नाही हं. आम्ही पास दिलंच असतं. पण निकाल जोड आहे ना."

पुण्याच्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "नव्या प्राण्यावर पुन्हा करा. चांगलं काम आहे." त्यांची गाडी खाली उभी होती.

नव्या प्राण्यावर म्हणे. कोकरू बाटलीनं वाढवा, खच्ची करा, आवाज ओळखायला शिकवा, हायवे ओलांडायला लावा, आणि मग या लोकांना परत जेवायला बोलवा. थू तुमच्या जिनगानीवर! पीएच.डी.ची ती जागा पुढं सरांच्या भाच्याला दिली. त्याची जोडी कसली होती ते मी विचारलं नाही. मी नंतर दुसरीकडं साधी एकशाखी एम.एस्सी. केली आणि आज तासांच्या हिशेबावर शिकवते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी वाडा गाठला. मेंढरं परतीच्या वाटेला लागली होती. एसटीतून उतरले तर आप्पा हायवेच्या कडेलाच होते. कळप डांबराच्या काठावर अडून उभा होता. दुतर्फा गाड्या हॉर्न मारत होत्या, एक ट्रकवाला आप्पांच्या आईवरून शिव्या देत होता. आप्पा तो जुना आवाज काढत होते आणि एकही मेंढरू मान वर करत नव्हतं. मग त्यांनी खिशातून घंटी काढली आणि ती वाजवत ते स्वतःच वाकून वाकून रस्ता ओलांडायला लागले. चार मेंढरं मागून गेली, बाकीची थांबली. आप्पा परत आले, परत घंटी वाजवत गेले. असं करत करत कळप पलीकडं नेला.

पलीकडं पोचल्यावर त्यांनी मला बघितलं. दम लागलेला, घंटी हातातच.

"झालीस न्हवं पास?"

"नाही आप्पा. नापास केलं."

"कुनी?"

"सरांनी. तुम्ही ज्यांना फेटा बांधला त्यांनी."

आप्पांना ते काही केल्या उमजेना. त्यांनी हातातली घंटी परत खिशात टाकली.

"आगं पर," ते म्हणाले, "त्यानं तर नळी दोनदा मागून घेतली व्हती."